रुमालाखालचा हात

यंदा घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाजीबाजारात गेलो होतो. एका बाईनं वांग्यांचा भाव सांगितला. गिऱ्हाइकानं तो ऐकला, तोंडातून अवाक्षर न काढता पैसे टाकले, वांगी पिशवीत भरली आणि तो चालता झाला. बस, एवढंच झालं. माझ्या अंगावर मात्र सरसरून काटा आला. घासाघीस न करता वांगी घेणारा माणूस घाईत असेल, पैसेवाला असेल, नाहीतर बायकोशी भांडून आलेला असेल. हे सगळं मला कळतं. तरी मी काही न घेता घरी परतलो, आणि बायकोनं 'भाजी कुठे आहे' विचारल्यावर तिच्यावरच खेकसलो.

आश्विनातलं हे ऊन मला सोसत नाही. वैशाखातलं परवडलं, ते सरळ तोंडावर येतं. हे ऊन दिसायला गोड असतं. सकाळी पाठीला गारवा लागतो, ज्वारी कणसावर आलेली असते, कापसाची बोंडं फुटायला लागलेली असतात, आणि भर दुपारी गल्लीत उभं राहिलं की समोरच्या भिंतीवरची मुंगीसुद्धा साफ दिसते. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी अगदी असंच ऊन होतं. तिकडे विलायतेची मोठी लढाई संपत आली होती, इकडे पाऊस अर्ध्यातच तोंड फिरवून गेला होता, आणि अशा वेळी आमच्या वऱ्हाडात मानमोडी आली.

मानमोडी हे आम्ही लोकांनी ठेवलेलं नाव. मान धरायची, अंग मोडून यायचं, ताप चढायचा. शाळेतले मास्तर तिला इन्फ्लुएंझा म्हणत. ते नाव नीट म्हणता येईपर्यंत माणूस आटोपलेला असायचा. प्लेग आम्ही पाहिला होता. प्लेगात आधी उंदीर पडायचे, मग लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे. त्यात एक रीत होती, पळायला जागा होती. या तापानं आधी काही कळवलं नाही. म्हातारेकोतारे खोकत बसून राहिले आणि धडधाकट, नांगर धरणारी माणसं गेली. देवाचा हिशेब मला त्या वर्षापासून पटेनासा झाला, आणि हे मी देवळात बसूनही सांगतो.

आमचं घर माळ्याचं. गावाबाहेर विहिरीवर मळा होता. माझी माय वांगी, मेथी, माठ पिकवायची आणि नवरात्रात झेंडू घेऊन अंबादेवीच्या वाटेवर बसायची. मला मात्र मातीत हात घालायचा कंटाळा. मी बैलबाजारात दलाली करायला लागलो. मायला ते कधी आवडलं नाही. "चार लोकायच्या मधात तोंड घालून पोट भरतं थे काई काम हाय का?" असं ती भाकर वाढता वाढता म्हणायची. पण तोंड घालायचं काम नव्हतंच ते. उलट तोंड बंद ठेवायचं काम होतं.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव आमच्याकडे बोलत नाहीत. दलाल आपला रुमाल घेणाऱ्याच्या हातावर टाकतो, स्वतःचा हात त्याखाली घालतो, आणि बोटांनी भाव होतो. इतकी बोटं धरली तर इतके, मूठ आवळली तर तितके. मग तोच रुमाल विकणाऱ्याच्या हातावर. भोवती दहा माणसं उभी असतात, कोणाला काही कळत नाही. घेणारा आणि विकणारा दोघंही बैलाकडे पाहत असतात. एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचं नाही ही रीत. आणि रुमालाखाली जे कळलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, ही दलालाची इमानदारी. या एका गोष्टीवर माझं नाव चालत होतं. पंचविशीतच चांदूर बाजाराकडचे शेतकरी किसनभाऊ कुठे आहे म्हणून मला हुडकत यायचे, आणि मी थोडा फुगलोही होतो.

त्या साली आमचा बाजार बंद पडला नाही. लोकांना वाटतं, साथीत बाजार ओस पडतात. ओस पडला असता तर बरं झालं असतं. बाजार भरायचा, पण आवाज नसायचा. भाजीवाल्या बायकांच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या. कोणी कोणाच्या जागेवर बसत नाही. जी बाई गेली तिची जागा तशीच सोडून दुसऱ्या दोघी आपापल्या जागी बसत. मधे चार हात मोकळी जमीन. पुढच्या बाजाराला त्या दोघींतलीही एक नसायची. गिऱ्हाईक येऊन भाव विचारायचं, सांगेल तो द्यायचं आणि निघून जायचं. वर मूठभर मेथी मागायचं नाही, सडकं वांगं परत टाकायचं नाही. माय एका संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन आली. तिनं नफ्याचा दिवस म्हणून खूश व्हायला हवं होतं. ती ओसरीवर बसली आणि म्हणाली, "आज कोनी भांडलंच नाई रे माह्यासंगं. येका बाईले मी मुद्दाम दुप्पट भाव सांगतला. तिनं देल्ला." मग टोपली उपडी घालून ती बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसली.

झेंडू तर दसऱ्याच्या आधीच संपला. कशासाठी संपला ते सांगायला नको.

रानातही तसंच. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला बायका सीतादही करतात, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दहीभात ठेवतात, हात जोडतात आणि मग ओटी बांधून कापसात शिरतात. त्या वर्षी बडनेऱ्याच्या वाटेवर एका शेताच्या धुऱ्यावर मी तो भात पाहिला. चार दिवसांनी परत त्याच वाटेनं आलो तर भात वाळून पानाला चिकटला होता, आणि आत पांढरंशिप्पट शेत तसंच उभं होतं. एकही बोंड वेचलेलं नव्हतं. कापूस वाऱ्यानं सुटून बाभळीला लटकत होता. भरदुपारी, लख्ख उन्हात, जिथवर नजर जाईल तिथवर पांढरं, आणि माणूस नाही. मी बैल असा हाकला की त्याला वाटलं असेल वाघ मागे लागला.

बैलांना मात्र बाजाराचा वार पाठ. एक गाडी आली, चांगली जुंपलेली, घुंगरं वाजवत, आपल्या नेहमीच्या लिंबाखाली येऊन थांबली. गाडीत माणूस घोंगडी घेऊन पडला होता. झोप लागली असेल म्हणून आम्ही कोणी उठवलं नाही. उन्हं कलली, बैलांनी पाण्यासाठी माना वेळावायला सुरुवात केली, तेव्हा कोणीतरी घोंगडी उचलली आणि परत टाकली. बैलांना पाणी पाजलं, सोडलं नाही. कोणीतरी कासरा उलटा फिरवला आणि गाडी आली त्या वाटेला लावली. ती घुंगरं वाजवत गेली. आज मला याची लाज वाटते. त्या दिवशी कोणालाच वाटली नाही.

आता हाताबद्दल सांगतो. पहिल्यांदा कळलं ते चांदूर बाजाराकडच्या एका शेतकऱ्याच्या हातावरून. उंचापुरा गडी, हसत हसत बैलाचे दात पाहत होता. रुमालाखाली हात धरला तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम. मी काही बोललो नाही. सौदा झाला, तो बैल घेऊन गेला. पुढच्या बाजाराला त्याच्या गावचे लोक म्हणाले, तो गेला. मग असाच दुसरा, मग तिसरा. त्यांना स्वतःला अजून माहीत नसायचं. उन्हात चालून आलो म्हणून अंग तापलं, एवढंच त्यांना वाटायचं. मला मात्र उन्हाची ऊब आणि ही ऊब यातला फरक बोटांना कळायला लागला होता. ही ऊब आतून यायची, हाडातून. भाव धरताना माझी बोटं चुकायला लागली.

बाजारात असं काही लपत नाही. मी कोणाचा हात सोडताना जरा थबकलो की भोवतीची माणसं बैल सोडून माझ्या तोंडाकडे पाहायची. "काय लागलं, किसनभाऊ?" "भाव लागला. दुसरं काय लागीन?" मी हसून न्यायचो. पण दोन बाजारांत गोष्ट पसरली, आणि मग जे सुरू झालं ते आठवलं की आजही हात धोतराला पुसावासा वाटतो. लोक बैलाशिवाय यायला लागले. घ्यायचं नाही, विकायचं नाही. लिंबाखाली माझ्यासमोर येऊन बसायचे आणि गुमान हात पुढे करायचे. मी रुमाल टाकावा म्हणून वाट पाहायचे. एक बाई तर डोक्यावरचा पदर ओढून आली आणि तिनं आपल्या पोराचा हात माझ्या रुमालाखाली सरकवला. मी सगळ्यांना एकच सांगायचो, "गार हाय. जा घरी, काई नाई." गार असला तरी आणि नसला तरी. लोक उठून जायचे ते खरंच हलके होऊन जायचे. मला वाटायचं, मी त्यांचं भलं करतोय. वैद्य नव्हतो, देवऋषी नव्हतो. लोकांना शब्द हवा होता, तो मी देत होतो.

अनसू माझी धाकटी बहीण. अकोल्याकडे दिली होती. पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं, मुलगी झाली. सव्वा महिना होऊन गेला तरी साथीमुळे तिला सासरी धाडली नव्हती. तिचे यजमान पुंडलिकराव, आमचे जवाईबुवा, तिला न्यायला आले. त्यांचा एक बैल मेला होता, अकोल्याचा बाजार बंद पडलेला, म्हणून माझ्या हातून बैल घ्यावा, तो आमच्या बैलाच्या जोडीला जुंपावा आणि बायको-मुलीला घेऊन आमच्याच गाडीनं जावं, असा त्यांचा बेत. बडनेऱ्याला आगगाडीतून उतरून ते सरळ बैलबाजारातच आले.

पांढरा खोंड मी आधीच हेरून ठेवला होता. जवाईबुवांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी रुमाल टाकला आणि त्यांचा हात धरला.

तापलेला होता.

मी बैलाकडे पाहत होतो, रीतच ती. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं की ते बैलाकडे पाहत नाहीत. ते थेट माझ्या तोंडाकडे पाहत होते. रुमालाखाली भाव होताना असं कोणी पाहत नाही. मी मनात म्हटलं, यांना कळलंय, आणि हे मला विनवताहेत की चार लोकांत बोलू नका. भोवती माणसं होती. मी 'ताप' म्हटलं असतं तर विकणारा बैल सोडून पळाला असता, आणि भर बाजारात जवायाची शोभा झाली असती. मी बोटं धरली. भाव झाला. मी हात सोडला आणि नेहमीसारखं, अगदी नेहमीसारखं म्हटलं, "झालं, जवाईबुवा. घेऊन जा."

ते हसले. मला आठवतं, फार मोकळं हसले.

नवा बैल घेणाऱ्यानं स्वतः कासरा धरून दारापर्यंत न्यायचा, घरच्या लक्ष्मीनं त्याच्या खुरांवर पाणी घालून ओवाळायचं, आणि दलालानं बैलासोबत चालायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. दलाल सोबत आला तर बैल पुन्हा बाजार पाहतो म्हणतात. म्हणून मी थांबलो. घरी गेल्यावर सांगू, त्यांना मळ्यातल्या खोपीत निजवू, असं ठरवून मी आणखी एक सौदा उरकला. घरी पोचलो तेव्हा ओवाळून झालं होतं. खोंडाच्या कपाळाला कुंकू, पायरीवर पाणी सांडलेलं, आणि जवाईबुवा ओसरीवर बसून पोरीला मांडीवर घेऊन खेळवत होते. अनसू त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पायाला तेल लावत होती. सहा महिन्यांनी नवरा दिसला होता तिला. ती मला म्हणाली, "दादा, बैल लय देखना घेतला रे तुनं." आता सांगायचं म्हणजे दुपारपासून माहीत होतं हेही सांगावं लागणार होतं. मी गोठ्यात गेलो आणि खोंडाला चारा टाकला. त्याला आधीच चारा टाकलेला होता.

जवाईबुवा त्या रात्री पडले आणि आठ दिवसांनी उठले. अनसू चौथ्या दिवशी गेली. जाताना तिला तहान लागली होती, एवढंच लिहितो. पोरगी आजारीसुद्धा पडली नाही. मायनं तिला शेळीच्या दुधावर वाढवलं आणि यमू नाव ठेवलं.

त्यानंतर मी बैलबाजारात पाऊल टाकलं नाही. माय म्हणायची, बहिणीच्या दुःखानं पोराचं मन उडालं. मी मळा केला. वांगी, मेथी, जे नको होतं तेच. जवाईबुवांनी दुसरं लग्न केलं नाही. दरवर्षी याच दिवसांत ते मुलीला भेटायला यायचे, परकर-पोलक्याचं कापड आणायचे, घोटभर चहा घ्यायचे आणि निघायचे. माझ्याकडे त्यांनी कधी नजर वर करून पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. त्या दिवशी मी बोललो नाही हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी मला माफ केलेलं नव्हतं, याबद्दल मला बावीस वर्षं शंका नव्हती. एक सांगतो, त्याचा मला आधार होता. निदान एका माणसाला माझा गुन्हा माहीत आहे, असं वाटायचं.

भादव्यात ते गेले. पोटाचं दुखणं होतं. यमू आता लेकुरवाळी आहे. बापाचं दिवसपाणी आटोपून ती परवा आमच्याकडे आली. गावात पुन्हा ताप आहे, हिवताप म्हणतात, म्हणून मी तिला येऊ नको कळवणार होतो. पण ती आलीच. दुपारची वेळ होती, तिची वर्षाची पोर माझ्या मांडीवर बसून माझ्या मिशा ओढत होती, आणि यमू शेंगा निवडता निवडता बोलायला लागली.

"मामा, बाबा शेवटी शेवटी तुमचंच नाव घेत होते."

 मी मनात म्हटलं, आलं ते.

"मले म्हने, तुया मामाले तोंड दाखवाची मले लाज वाटे. अकोल्याहून निघतानीच मले मालूम होतं का आंगात ताप हाय. पन बाजारात त्याच्या हातात हात देल्ला तवा त्याच्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो मी. लोक म्हनत, त्याच्या हाताले ताप समजते. मनात म्हटलं, हा बोलला तर दारातही पाय ठेवनार नाई, तसाच वापस जाईन. अन् तो म्हने, घेऊन जा. मले वाटलं, ताप नाई, थकवाच हाय. लय बरं वाटलं. अन् मग तुही माय गेली." यमूनं पदरानं डोळे पुसले. "म्हने, मामाचा हात तेवढा येकडाव चुकला, अन् त्याच्या चुकीचं पाप मले लागलं. त्याले सांगजो, त्याचा दोष नाई. मालूम तर मलेच होतं."

म्हणजे ती नजर विनवणीची नव्हती. तो माणूस विचारत होता. बैलाशिवाय येऊन हात पुढे करणाऱ्या त्या सगळ्या लोकांसारखाच तो मला विचारत होता, आणि मी त्यालाही तेच उत्तर दिलं. ते गार हाताचं, मोकळं करणारं उत्तर. आणि बावीस वर्षं तो माझ्यापुढे मान खाली घालून बसला.

यमू माझं समाधान करत होती. मी नुसतं 'हूं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मेलेला माणूस स्वतःहून सगळं आपल्या डोक्यावर घेऊन गेला होता. त्याला आता कोण विचारणार होतं?

"मामा," ती सहज म्हणाली, "त्या रोजी तुमाले खरंच काई लागलं नव्हतं ना हाताले?"

"लागलं होतं," मी म्हटलं.

तिचे शेंगांवरचे हात थांबले.

"चांगलं चटका बसीन येवढं लागलं होतं, माय. चुकला नव्हता माहा हात."

"मंग बोलले काहून नाई?"

बावीस वर्षांत मी या प्रश्नाची किती उत्तरं करून ठेवली होती. रीत होती, लोक होते, जवायाची शोभा होती, दलालानं बैलासोबत चालायचं नसतं. दुपारच्या त्या उन्हात एकेक उत्तर तोंडाशी आलं आणि तिच्याकडे पाहून मी ते गिळलं. ती रडत नव्हती. तिचा चेहरा हुबेहूब अनसूसारखा आहे हे मला माहीत होतं, पण अनसूनं माझ्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

 मग ती उठली, माझ्याजवळ आली, आणि तिनं माझ्या मांडीवरची पोर उचलून घेतली. पोर माझी मिशी सोडेना, तर तिनं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि ती आत गेली.